घोंगडीखालचा रेडिओ

आज ट्रंकेतली वडिलांची घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या वासासरशी पेठचा माळ आठवला.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या जुन्या रेडिओचं मागचं झाकण फुटलेलं होतं. आतल्या ट्रान्झिस्टरवरचा, म्हणजे इवल्याशा काचेच्या नळीसारख्या भागावरचा, काळा रंग मी नखानं खरवडला, आत काय आहे ते बघायला. तेव्हापासून ऊन लागलं की रेडिओ घोगरा व्हायचा. मी कुणाला बोलले नाही.

"म्हातारा झाला गं. ऊन सोसंना त्येला," म्हणत आबा डोक्यावरची घोंगडी त्याच्यावर पांघरायचे आणि स्वतः उन्हात मेंढरं राखायचे.

काचेतून आत शिरणाऱ्या उजेडानं ट्रान्झिस्टरचं काम बिघडतं आणि तो काळा रंग उजेड अडवायलाच असतो, हे मला कॉलेजात कळलं. थेंबभर काळा रंग पुरला असता.

आबांच्या दहाव्यानंतर मी तो रंग लावला. रेडिओ भर उन्हात खणखणीत वाजला.