सहावं आणि सातवं गाणं

माझे थोरले दीर नाटकात बाईचं काम करायचे आणि गोड गायचे, असं आमच्या भागात अजून लोक सांगतात. बाईचं काम करायचे हे खरं. गायचे नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन त्यांचा गळा तिशीतच बसला होता. ते स्टेजवर ओठ हलवायचे आणि गाणं मी म्हणायची, पडद्यामागे पोत्यावर बसून. तबला माझा नवरा वाजवायचा, म्हणून त्याच्या पाठीमागे मला बसता यायचं. सुनेनं लोकांसमोर गायचं नाही, पण न दिसता घराचं नाव राखलं तर चालेल, असा सासूबाईंचा न्याय. पुढे मंडळाच्या कॅसेटी निघाल्या. त्यातही गायले मीच. कव्हरवर फोटो दिरांचा, डोक्यावर पदर घेतलेला.

दीर मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा मुलगा सिंदेवाहीहून मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. पन्नाशीचा मास्तर आहे. एरवी माझ्या ओट्याला त्याचे पाय लागत नाहीत. लोकांच्या घरच्या जुन्या कॅसेटींवरून त्याने आमच्या आणि आजूबाजूच्या मंडळांची अकरा गाणी मोबाइलमध्ये भरून आणली होती.

"काकू, मी साखळी करून राह्यलो. एका गाण्यातला एक तरी माणूस पुढच्या गाण्यात पायजे. लोकाईले कळलं पायजे, बाबाच्या गाण्यानं किती माणसं जोडली."

"बाबाच्या गाण्यानं?" मी विचारलं.

त्याने खाली बघून मोबाइल पुसला. लहानपणी हाच पडद्यामागे माझ्या मांडीवर झोपायचा. त्याला सगळं माहीत होतं.

पण कोण काय वाजवत होतं, हे सांगणारी आता मीच उरले आहे. त्या काळी ज्याच्या धानाची कापणी आधी उरकायची, तो वाजवणारा दुसऱ्या गावच्या मंडळात जायचा. त्यामुळे कॅसेटी चार मंडळांच्या असल्या तरी माणसं तीच ती. मी ऐकत गेले, सांगत गेले. ही पेटी आमच्या मंडळातल्या पांगळ्या मास्तरची. हा तबला माझ्या नवऱ्याचा, डग्ग्यावर हात जड पडतो त्याचा. सहा गाणी सरळ जोडली गेली.

सातव्याला तो अडला. ते गाणं धानोऱ्याकडच्या मंडळाचं. माझं माहेर तिकडचं. त्या गाण्यात क्लॅरिओनेट वाजवणारा पुढे तिसऱ्याच मंडळात गेला, म्हणून सातवं ठेवलं तरच पुढची चार गाणी जोडता येत होती.

"पण सहाव्यात अन् सातव्यात कोणीच सारखा नाई, काकू. पेटी वेगळी, तबला वेगळा."

"हाय एक जण. गाणारा ऐक."

मला एक खोड होती. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी मी श्वास घ्यायची. नवरा त्यावरून जन्मभर बोलला. पुतण्याने दोन्ही गाणी दोनदा ऐकली. त्याचे कान लाल झाले.

"सातव्यावर तिकडच्या माणसाचं नाव हाय," तो म्हणाला.

"अन् सहाव्यावर तुह्या बाबाचं. दोघं एकाच नाकानं श्वास घेत होते का रे?"

सातवं रेकॉर्ड झालं त्या उन्हाळ्यात मी माहेरी होते. तिथल्या बाईचं काम करणाऱ्यालाही गळा नव्हता, म्हणून मला नेऊन माझ्याकडून गाऊन घेतलं. नाव तिथंही नाही.

"टाळवाला एकच होता, असं सांगू का?"

"सांग. मी समोरच बसून राहीन."

तो चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई, माझी मोठी जाऊ, तणतणत आली.

"मेलेल्या माणसाची इज्जत काऊन काढून राह्यली?"

"जिवंत होते तवा काढू देत होत्या का तुम्ही?"

"तुले काय पायजे आता? या वयात?"

"दोन गाण्याच्या मधात मी हाव, एवढं सांगा."

ती आली तशीच तणतणत गेली.

श्राद्धाच्या दुपारी मांडवात मोठे स्पीकर लावले होते. एकेक गाणं झालं की पुतण्या माइकवर सांगायचा, पुढच्या गाण्यात यातला कोण आहे ते. लोक माना हलवत होते. सहावं वाजलं तेव्हा दिरांचा आवाज म्हणून बायांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. गाणं संपलं. पुतण्याने माइक हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तकी भाषेत म्हणाला, "या ठिकाणी दुवा कोण, याची माहिती उपलब्ध नाही."

"माहिती इथी बसली हाय," मी जागेवरूनच ओरडले. "लाव सातवं."

एवढ्या लोकांत त्याला दुसरं काही करता येईना. त्याने लावलं. पहिली ओळ आली, शेवटच्या शब्दाआधी श्वास आला. माझ्या मागे जन्मभर माझ्याबरोबर धानाची रोवणी केलेली म्हातारी बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अवो बाई, हे त तूच हायस! बांधीत चिखलात गाताना बी अशीच मधात थांबत होती. मंग आधी वाजलं ते तुह्या दिराचं कसं होतं?"

माना माझ्याकडे वळल्या. जाऊ उठून माझ्याजवळ आली.

"भरलं पोट?"

"नाई," मी म्हटलं. "वाढा."

वडे बरे झाले होते. मीठ कमी होतं, तेही मी तिला सांगितलं.