मामांनी न तपासलेली गन

मी खोटं बोललो ते फक्त एक वाक्य होतं, आणि तेही हिंदीत. सेठनी हिंदीत विचारलं म्हणून मी हिंदीत उत्तर दिलं, "मामा ने चेक किया था." या वाक्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी गेली.

काशीमीऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी पेंटबॉलचं एक मैदान आहे. ऑफिसांच्या पिकनिक येतात. लोक मास्क घालून ड्रमांमागे लपतात आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात. भाईंदरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं आमचं वर्कशॉप बंद पडल्यावर मी तिथे गन दुरुस्तीला लागलो. गन म्हणजे हवेच्या सिलेंडरवर चालणाऱ्या. घोडा दाबला की एक गोळी सुटते, त्याच हवेच्या धक्क्याने आतला बोल्ट मागे जातो आणि पुढची गोळी आपोआप जागेवर येते. खेळणंच ते, पण मास्क नसेल तर डोळा जाऊ शकतो.

हे काम मला मामांनी शिकवलं. ते मूळचे गोडदेव गावातले, साठीच्या पुढचे. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा नियम साधा होता. रोज सकाळी प्रत्येक गन ते स्वतः दहा वेळा चालवून बघायचे आणि मगच वहीत तिच्या नंबरापुढे सही करायचे. सही नाही तर गन मैदानात नाही. सेठनी घाई केली तरी नाही.

त्या वर्षी मला एक खूळ लागलं. भंगारच्या पेटीत तीन मेलेल्या गन पडल्या होत्या. तिन्हींचे चांगले भाग काढून एक चालती गन करायची असं मी ठरवलं. सेठची परवानगी आणि पेटीची चावी घेतली आणि सगळं नवघरला घरी आणलं. रविवारी गर्दी असायची म्हणून सुट्टी आठवड्यात मधे मिळायची, त्या दिवशी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसायचो. बायको म्हणायची, "वर्कशॉप घरीच आणलंत की." पण तिला बरं वाटत होतं. नोकरी गेल्यापासून मी पहिल्यांदाच कशात तरी रमलो होतो.

गन जुळली, पण चालेना. पहिली गोळी सुटायची आणि बोल्ट अर्ध्यावरच थांबायचा. आतल्या रबराच्या रिंगा बदलल्या, जुनं चिकट झालेलं तेल पुसून नवं लावलं. मग बोल्ट मागे जायला लागला, पण गोळी आतच फुटायची आणि नळीतून रंगाचा चिखल यायचा. स्प्रिंग बदलली. शेवटी बोल्टला अडवून धरणारा छोटा दातच झिजलाय असं दिसलं. दुसऱ्या गनमधला दात काढून बसवला आणि गन चालली. टक, टक, टक, एका लयीत. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

तो दात ज्या गनमधून काढला, तिच्यावर मामांनी लाल दोरा बांधून ठेवला होता. "ह्याला हात लावू नको. दात गेलेला हाय," असं त्यांनी मला पेटी दाखवतानाच सांगितलं होतं. मी घरी नीट बघितला तेव्हा मला तो बरा वाटला. माझी नजर मामांपेक्षा तरुण आहे, असंही वाटलं. हे नजरेचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गन मैदानावर आणून मी एकट्याने चालवून पाहिली. वीस-पंचवीस वेळा नीट चालली. मग एकदा घोडा एकदाच दाबला आणि दोन गोळ्या सुटल्या. पुन्हा पाहिलं तर एकच. सिलेंडरमध्ये हवा कमी असेल, असं मी स्वतःला समजावलं. मामांकडे नेली असती तर त्यांनी दोन मिनिटांत दात उघडून दाखवला असता. म्हणूनच नेली नाही.

पुढच्याच रविवारी एका ऑफिसचा मोठा ग्रुप आला आणि एक गन कमी पडली. मामा मैदानात लोकांना नियम समजावत होते. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "अजून एक आहे का?" मी माझी गन दिली. वहीत तिचा नंबर नव्हता आणि सहीही नव्हती.

खेळ संपल्याची शिट्टी झाली. लोक हसत बाहेर येत होते. एका बाईंनी मैदानाभोवतीच्या जाळीच्या आत असतानाच मास्क वर केला. ते चुकीचंच होतं, पण घामाने जीव नकोसा झाला की लोक करतात तसं. त्यांच्या शेजारच्या तरुणाने माझी गन ड्रमवर टेकवली. घोड्याला त्याचं बोट नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नुसत्या धक्क्याने गोळी सुटली आणि बाईंच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली लागली.

त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. रंग हिरवा होता आणि त्यात रक्त मिसळत होतं. मामांनी धावत जाऊन आपल्या खांद्यावरचा टॉवेल धरला. गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, असा संध्याकाळी फोन आला.

पण त्याआधी, दुपारी, सेठ अंगणात उभे राहून सगळ्यांसमोर ओरडत होते. "ये गन किसने पास की?" आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वही आणतील. ते म्हणाले, "हां, मैंने देखा था." सेठ त्यांना खूप बोलले. वय झालंय, दिसत नाही, घरी बसा. मामांनी मान खाली घातली नाही. सेठचं बोलून झाल्यावर डबा घेऊन ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून वहीवर मी सही करायला लागलो.

महिनाभर मी गप्प राहिलो. बायकोने विचारलं, "मामा दिसले नाहीत बरेच दिवस?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही त्यांची. आणखी एक खोटं. शेवटी एका दुपारी इंद्रलोकच्या रस्त्याने गोडदेवला चालत गेलो. इमारतींच्या मधल्या गल्लीत त्यांचं बैठं घर आहे. मामा ओट्यावर शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसले होते.

"मामा, ती गन मी दिली होती. दातही तोच होता, लाल दोऱ्याचा."

"ठाऊक हाय. दुसऱ्या कुनाकडं पेटीची चावी व्हती?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी स्क्रू फिरवायचा थांबवला. "मी बोलायचं का तू?"

त्यांच्या बायकोने आतून पाणी आणून दिलं. बहुतेक तिनेही ऐकलं होतं, कारण ग्लास ठेवून ती माझ्याकडे न बघता आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सेठच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अब क्या फायदा? बात दब गई है, दबी रहने दे." त्या बाईंचा फोन नंबर मागितला तर साफ नाही म्हणाले. तरी सांगून टाकल्यामुळे मला हलकं वाटलं. संध्याकाळी हे सांगायला मी परत गोडदेवला गेलो.

मामांनी ऐकून घेतलं. "कुठं सांगितलंस?"

"केबिनमध्ये."

"दार लावून?"

"हो."

"मला तर अंगणात बोलले व्हते."

एवढंच बोलून ते पुन्हा हातातल्या कामाला लागले.

पुढच्या सकाळी कामाला सुरुवात होण्याआधी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. आम्ही सातजण. आधी मराठीत सांगितलं, मग दोघांना कळावं म्हणून हिंदीत. दोन भाषांमध्ये तीच गोष्ट सांगताना दुसऱ्यांदा जास्त लाज वाटली, कारण आता लोकांना पुढे काय येणार ते माहीत होतं. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मी तुमच्यावर भरवसा ठेवून ती गन दिली होती हो." आणि वळून आत गेल्या.

घरी गेल्यावर बायकोलाही सांगितलं. ती रागावली नाही. गॅलरीतलं सामान कुठे ठेवू, एवढंच तिने विचारलं. ते मी पिशवीत भरून सेठना परत केलं.

आता सगळ्यांना कळलं होतं, म्हणून सेठनी मामांना फोन केला, परत या म्हणाले. मामा आले, पण कामावर नाही. सगळ्यांबरोबर बसून चहा घेतला, ड्रॉवरमधले आपले स्वतःचे पाने रुमालात बांधले आणि निघाले. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. मला वाटत होतं, ते काहीतरी बोलतील, माफ केलं म्हणतील किंवा निदान शिवी देतील. त्यांनी रिक्षाला हात केला, आत बसले आणि ड्रायव्हरला गोडदेव सांगितलं.

ते कामावर परत आले नाहीत. मी अजून तिथेच आहे. त्या बाईंच्या गालावर खूण राहिली का, हे मला माहीत नाही.