सहावं बटण

आमची ताई शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि घरी आल्यावर आम्हा सगळ्यांना शिकवते. आईचं शिवणकाम. तिच्या डब्यातली बटणं ताई वर्गात दाखवायला पळवते आणि त्यावरून मायलेकींची खडाजंगी ठरलेली. ताईला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं उसळलं की सांधे असे ठणकतात की ती उशी चावते, आणि जरा उतार पडला की पोरांचे कान पिळायला पुन्हा हजर. असली हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे.

मला सातवा महिना होता. माझी आणि नवऱ्याची सिकलसेलची तपासणी झालेली, काळजीचं कारण नव्हतं. माहेरी आले होते, बसल्या बसल्या दोन झबली शिवावीत म्हणून मशीनवर बसले. पायडल मारलं मात्र, आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"ऊठ आधी! पोटुशी असताना मी मशीन रेटलं, त्याची फळं ही पोर भोगतेय. तुझं तरी तसं नको."

ताई उत्तरपत्रिका तपासत होती. तिचा हात थांबला. "आई, इतकी वर्षं तू हे मनात धरून बसलीस?"

आई नुसते डोळे पुसत राहिली.

ताईने बटणांचा डबा सरळ टेबलावर उपडा केला. एरवी आईने घर डोक्यावर घेतलं असतं.

"हे बघ. पेशीत जी सूचना लिहिलेली असते ना, तिच्यात अक्षरं फक्त चार. ती तीन-तीन करून वाचायची. तीन अक्षरं म्हणजे एक बटण, आणि कुठलं ते ठरलेलं. जी-ए-जी आलं की हे पांढरं, ग्लुटामिक आम्ल. अशी अमिनो आम्लं वीस प्रकारची. ओळीने ओवली की झालं प्रथिन." बोलता बोलता तिने दोऱ्यात पाच बटणं ओवलीसुद्धा. "माझ्या रक्तातल्या प्रथिनात सहाव्या जागी मधलं एकच अक्षर बदललंय. जी-टी-जी. म्हणून पांढऱ्याऐवजी हे काळं आलं, व्हॅलीन. तेवढ्यानं रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. मशीनचा काडीचा संबंध नाही."

"मग ते अक्षर आलं कुठून?"

"एक प्रत तुझ्याकडून, एक बाबांकडून. दोन्ही बदललेल्या आल्या म्हणून मी आजारी. एकच आली असती तर तुमच्यासारखी ठणठणीत असते. तुम्हाला तरी ती जन्मतःच मिळाली, तुम्ही काय करणार?"

आईने मान वर केली. "म्हणजे यांचाही वाटा आहे?"

तिच्या आवाजात एवढा आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला हसू आवरेना.

बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"मला वाटायचं, माझ्या सिगारेटींमुळे झालं," ते हळूच म्हणाले. "ही व्हायच्या वेळी फार ओढायचो. वाटायचं, तू मनातून मलाच दोष देतेस. म्हणून कधी विषयच काढला नाही."

आई त्यांच्याकडे वळली.

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तू तरी कुठे बोललीस?"