शुक्रवारी नूडल्स

मम्मीचा व्हिजिटर व्हिसा संपायला महिना उरला होता, तेव्हा एकदा जेवताना तिने विचारलं, "मुंबईला जाताना जपान वाटेत लागतं का?"

"नाही. सिंगापूर लागतं," मी म्हणालो.

"थोडी वाकडी वाट केली तर?"

माझी मुलगी ताटात बघून हसत होती. म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं.

पप्पा गेल्यावर मम्मी वसईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आली होती. सगळं आयुष्य मराठी शाळेत शिकवलेली बाई, दिवसभर रिकाम्या घरात काय करणार? मी स्टीलच्या कारखान्यात मेंटेनन्सला, बायको हॉस्पिटलमध्ये. साडेतीनला नात शाळेतून आली की दोघी सोफ्यावर बसून एक जपानी अॅनिमे बघायच्या. समुद्राकाठच्या गावातली एक म्हातारी आणि तिच्याकडे भाड्याने राहायला आलेली मुलगी मिळून नूडल्सचं दुकान चालवतात, एवढीच त्याची गोष्ट. बोलणं जपानीत, खाली इंग्रजी ओळी. मम्मी इंग्रजी सावकाश वाचते, त्यामुळे ती दर ओळीला चित्र थांबवायची. वीस मिनिटांचा भाग तासभर चालायचा. "आजीचं कार्टून संपलं का?" असं मी एकदा विचारलं, तर मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स नॉट अ कार्टून." मम्मीनेही गंभीरपणे मान हलवली.

टोकियोत कोणीतरी अगदी त्या सिरीजमधल्यासारखं दुकान काढलं होतं. ते मुलीनेच शोधून आजीला दाखवलं होतं.

एरवी मी नाहीच म्हटलं असतं. पण त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नव्हतं. कारखान्यात आमचं सेक्शन रिस्ट्रक्चर होणार होतं. आम्हा सात जणांतले कोण राहणार, हे 'लवकरच' कळवणार होते, आणि ते लवकरच दोन महिने लांबलं होतं. मी दर दहा मिनिटांनी मेल बघायचो. रात्री झोप नाही, जेवताना चव नाही. बायकोला ठाऊक होतं. मम्मीला सांगितलं नव्हतं. नुकतं माणूस गमावलेल्या बाईच्या डोक्याला आणखी हा घोर कशाला?

बायको म्हणाली, "जा तू. मम्मींना वसईला सोडून ये. इथे येरझाऱ्या घालून यादी काही लवकर लागणार नाही."

मम्मीचा जपानचा व्हिसा काढला, दोन दिवसांचं हॉटेल घेतलं. मुलीची शाळा होती, म्हणून जाणार आम्ही दोघंच. तारखा मी फोनवरच भराभर टाकल्या आणि वार काही बघितला नाही.

टोकियोत दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानापाशी पोचलो, तेव्हा पंधरा-वीस माणसं रांगेत होती. दारात त्या म्हातारीची पुठ्ठ्याची माणसाएवढी आकृती उभी होती, निळा एप्रन, हातात लांब चमचा. मम्मीने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग आम्ही रांगेत लागलो. मी फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. वॉलॉंगॉंगला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. बॉस मेल पाठवतो तो याच सुमारास.

रांग अर्धी सरकली तेव्हा मम्मी एकदम म्हणाली, "आज शुक्रवार ना रे?"

मी फोनवर पाहिलं. शुक्रवार होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. दुकानाच्या काचेवर वाडग्याचं मोठं चित्र होतं, त्यात पोर्कचे तीन जाड काप. नुसते काप काढून भागणार नव्हतं, कारण सूपही हाडांचंच असतं, हे मम्मीनेच मला सिरीज बघून सांगितलं होतं.

"मम्मी, प्रवासात चालतं," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं?"

"चालत असेल."

"असेल," ती म्हणाली. तिने कधीच शुक्रवार मोडला नव्हता. पप्पा हॉस्पिटलमध्ये असतानाही नाही. आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. मला माझाच राग आला. तारीख टाकताना एकदा वार बघितला असता तर?

"आपण परत जाऊया का?" मी विचारलं.

"एवढ्या लांब येऊन? तू खा. मी बघीन."

आत मशीनमधून कूपन काढायचं होतं. माणशी एक वाडगा घ्यावाच लागेल, असं दारावरच्या बाईने बोटांनी समजावलं. मी दोन कूपनं काढली. लाकडी काउंटर, उंच स्टुलं, भिंतीवर त्या गावाचा समुद्र रंगवलेला, कोपऱ्यात पडद्यावर तीच सिरीज, पण खाली इंग्रजी ओळी नाहीत. मम्मी स्टुलावर चढून बसली आणि पर्स मांडीवर घेऊन चौफेर बघू लागली.

दोन वाडगे समोर आले आणि माझा फोन वाजला. बॉस.

"आलोच," म्हणून मी बाहेर पळालो.

"हाउ यू गोइंग, मेट," त्याने सुरुवात केली. मग हवापाणी, जपान, माझी मम्मी. शेवटी कळलं ते हे, की निर्णय आणखी सहा आठवडे पुढे गेलाय, आणि मी परत आल्यावर एका सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेईन का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, "नो वरीज." पण फोन ठेवेना. त्यालाही आपल्या जागेची खात्री नव्हती, म्हणून बोलत राहिला असावा. मी फुटपाथवर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फेऱ्या मारत राहिलो.

काचेतून मम्मी दिसत होती. आधी ती नुसती बसली होती. नंतरच्या फेरीत पाहिलं तर शेजारची एक जपानी बाई, तिच्याच वयाची, तिला चॉपस्टिक धरायला शिकवत होती. त्यानंतरच्या फेरीत ती दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून सूप पीत होती.

मी आत गेलो तोवर अर्धा तास झाला होता. माझा वाडगा गार पडलेला, वर तेलाचा थर. मम्मीच्या वाडग्यात काही उरलं नव्हतं. तीन कापसुद्धा नाहीत.

"तू येईनास," ती म्हणाली. "आणि ही बाई सारखी खूण करत होती, गार होतंय म्हणून. काय सांगणार तिला?"

"कसं होतं?"

तिने थोडा विचार केला. "खारट. पण चांगलं. त्याच्या बदल्यात मी उद्या पाळते."

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानात तिने खरंच ट्रेमधला फक्त पाव घेतला आणि चहा. बाकीचं झाकून ठेवलं. मी तिसऱ्यांदा उठून मागे चक्कर मारायला निघालो, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"बस जरा. नोकरीचं काय झालं?"

मी बसलो. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तीन महिने तू फोन घेऊन बाथरूममध्ये जातोस. मला आधी वाटलं, दुसरीच काही भानगड आहे."

मला हसू आलं. मी सगळं सांगितलं, बॉसच्या कालच्या फोनसकट. ती म्हणाली, "मला सांगायचं होतंस. तुझे पप्पा दोनदा घरी बसले होते. तू लहान होतास, तुला कळू दिलं नाही. आम्ही चूकच केली बहुतेक."

हे मला माहीत नव्हतं. पप्पा रोज डबा घेऊन निघायचे, एवढंच आठवत होतं. ते कुठे जायचे, हे मी उतरेपर्यंत विचारत राहिलो, आणि ती आठवून आठवून सांगत राहिली.

वसईला मी चार दिवस राहिलो आणि परत आलो. सहा आठवड्यांचे दहा झाले. सातांपैकी चार राहिले, त्यात मी होतो. बॉस गेला. रोज सकाळी हेल्मेट घालताना अजूनही आधी मेल बघतो, पण संध्याकाळी वसईला फोन लावला की मम्मी पहिलं नोकरीचंच विचारते, आणि मी खरं काय ते सांगतो.