मानाची डिस्क

कोल्हापुरात माणूस नगरसेवक होण्याआधी फ्लेक्सवर येतो, आणि फ्लेक्सवर येण्याआधी श्रीशैलच्या कॉम्प्युटरमध्ये येतो. राजारामपुरीच्या एका बोळात, पिठाची गिरणी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात श्रीशैल फ्लेक्सची डिझाइनं करायचा. दोन हजार नऊ साल उजाडेपर्यंत निम्म्या शहराचे चेहरे त्याच्याकडं गोळा झाले होते. हात जोडलेले, कानाला मोबाइल लावलेले, गॉगल घातलेले, वाढदिवसालाही चालतील आणि श्रद्धांजलीलाही. फोटोतली मागची भिंत, मोटारसायकल, बायको हे सगळं कापून टाकायचं आणि नुसता पुढारी शिल्लक ठेवायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण खरी अक्कल कापण्यात नव्हती, मांडण्यात होती. कुणाचा चेहरा वर, कुणाचा खाली, कुणाचा दोन बोटं मोठा. यात चूक झाली की बोर्डावर ब्लेड फिरायचं आणि सकाळी दोन तालमींची पोरं समोरासमोर उभी राहायची.

म्हणून छापायला टाकण्याआधी गिऱ्हाईक स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसत असे. कॉम्प्युटर जुनाट. एक चेहरा इकडचा तिकडं करायचा म्हटलं तरी मशीन विचारात पडायची, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला नवी कल्पना सुचायची. या दोघांच्या कृपेनं श्रीशैलचं जेवण रोज दहाच्या पुढं जाऊ लागलं.

त्याचं एकट्याचं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण घरात शांतव्वा होती. शांतव्वा म्हणजे त्याची आई, गडहिंग्लजकडची, बोलण्यात थोडी कानडी आणि हट्टात पूर्ण. घरचा कर्ता जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम. नवरा होता तोवर नवऱ्यासाठी थांबली, तो गेल्यावर मुलासाठी थांबू लागली. पुढं तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठच्या आत जेवायला बजावलं. शांतव्वानं गोळ्यांचं ऐकलं, जेवणाचं ऐकलं नाही. सुनेनं, विद्याश्रीनं, विनवण्या केल्या, अबोला धरला, एकदा तर ते मघाशीच येऊन जेवून गेले असं ठोकून दिलं. म्हातारी उठली आणि मोरीत त्याचं उष्टं ताट आहे का ते बघून आली.

विद्याश्रीनं मग नवऱ्याला धरलं. अव्वांना काही झालं तर तुमच्या पुढाऱ्यांना नाही, मला दवाखान्यात धावावं लागेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. श्रीशैलला ते लागलं. त्याचा आईवर फार जीव होता. नवी, वेगवान मशीन जोडून घ्यायची आणि साडेसातला घर गाठायचं, असं त्यानं ठरवलं.

मशीन जोडून देणारा कृष्णात मूळचा राधानगरीचा, धंद्याला सरळ माणूस. त्यानं टेबलावर दोन डिस्क ठेवल्या. एक नेहमीची, जड, आत तबकडी फिरणारी, सगळं शहर मावेल एवढी मोठी. दुसरी नव्यानं निघालेली. तिच्यात काही फिरत नाही, तिचा आवाज नाही, जागा अगदी थोडी, पण कामाला विजेसारखी. आणि भाव असा, की तेवढ्यात दुसरी अख्खी मशीन आली असती. श्रीशैलनं ती हातात घेऊन वजन पाहिलं, कानाशी धरून हलवली आणि आतला माल काढून तर घेतला नाहीस ना, असं विचारलं.

मग त्यानं सल्ले घ्यायला सुरुवात केली. आमच्या गावात सल्ला मागावा लागत नाही, पण मागितला तर माणसं दुकान बंद करून देतात. झेरॉक्सवाला म्हणाला, जे फिरत नाही ते चालणार कसं? गिरणीवाल्याचं म्हणणं पडलं की आवाज नसेल तर जिवंत आहे का मेलं हे कळायचं कशानं. शिरोळच्या मेव्हण्यानं ट्रॅक्टरचा दाखला देऊन फोनवर निकाल दिला, वजनाला कमी ते कामाला कमी. यांतल्या कुणीही डिस्क नावाची वस्तू डोळ्यानं पाहिली नव्हती, त्यामुळं मतं अगदी ठाम होती. शेवटी कृष्णातच कंटाळला. दोन्ही घे म्हणाला. विंडोज आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर लहान डिस्कवर, चेहरे मोठ्या डिस्कवर. फक्त लहानीला गळ्यापर्यंत भरू नकोस, थोडी जागा मोकळी ठेव, नाहीतर तिलाही धाप लागते.

मशीन आली, तिला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आणि काय सांगावं, चेहरे बोट लावायच्या आत जागेवर जाऊन बसू लागले. श्रीशैल साडेसातला घरी. शांतव्वा पावणेआठला पानावर. पंधरा दिवसांत तिच्या तोंडावर तकाकी आली, आणि विद्याश्रीनं त्या कृष्णाताला एकदा जेवायला बोलवा म्हणून सांगितलं.

हे सुख टिकलं असतं, पण श्रीशैलला बढाई मारायची हुक्की आली. बाळासो नावाचे एक भावी नगरसेवक होते. गेल्या तीन निवडणुका ते भावीच होते. मशीनचा वेग बघून त्यांनी कौतुकानं चौकशी केली, आणि श्रीशैलनं त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की यात दोन डिस्क आहेत, ही लहान म्हणजे मानाचे पाहुणे बसवायचा पुढचा सोपा आणि ती मोठी म्हणजे मागची पडवी. बाळासोंच्या कपाळाला आठी पडली.

"मग माझा फोटो कुठं हाय?"

श्रीशैलनं सरळपणानं मागे हाय म्हणून सांगितलं.

"म्हंजे मी पडवीत व्हय?"

आता ज्या गावात पानसुपारीचं तबक आधी कुणापुढं गेलं यावरून भावकी तुटते, तिथं पुढं काय झालं हे सांगायला नको. बाळासोंचे चेहरे त्याच दिवशी सोप्यात आले. दोन दिवसांत हंबीरराव हजर झाले. हे बाळासोंचे पिढीजात विरोधक, दूध संस्थेचे माजी चेअरमन. बाळासो आत आणि आम्ही बाहेर हे कसं, एवढंच त्यांनी विचारलं, पण बरोबर आठ माणसं आणून विचारलं. तेही आत गेले. मग तालमीचे वस्ताद, तरुण मंडळाचे आजी आणि माजी अध्यक्ष, पतसंस्थेचे संचालक असे सगळे मानकरी एकामागून एक आत आले. वेगवान डिस्कवर फोटो ठेवल्यानं माणूस वेगानं निवडून येत नाही, हे सांगायची श्रीशैलची प्राज्ञा नव्हती. गिऱ्हाईक तुटेल ही भीती.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. हंबीररावांनी कुठूनसं शिकून घेतलं की माउसचं उजवं बटण दाबलं की कुणी किती जागा अडवली ते दिसतं. बाळासोंची जागा आपल्या दुप्पट निघाली हे कळल्यावर त्यांना घाम फुटला. बरोबरी करायला त्यांनी घरातले सगळे फोटो आणून दिले. थोरल्या मुलीच्या लग्नातले, नवस फेडल्याचे, प्रदर्शनात पहिली आलेल्या म्हशीचे. म्हैस वेगवान डिस्कवर गेली. बाळासोंना हे समजताच ते नातवाच्या जावळाचे घेऊन आले.

डिस्क गळ्यापर्यंत भरली आणि मशीनला धाप लागली. श्रीशैलपुढं एकच वाट उरली. ज्याच्यासाठी ही डिस्क घेतली होती ते डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यानं उचलून मागच्या जड डिस्कवर ठेवलं. कृष्णातानं हे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सोप्यात मानकरी लोळत होते आणि कामाची माणसं पडवीत राबत होती. असला कारभार आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी चालतो, पण तिथं निदान म्हशीला आत घेत नाहीत.

जेवण पुन्हा दहाच्या पुढं गेलं. आणि एके दिवशी, श्रीशैल कुणाच्या तरी मिशा गडद करत असताना, विद्याश्रीचा फोन आला. अव्वा देवघरापाशी कोसळल्या होत्या. तो चप्पल न घालता पळाला. गोळी घेऊन उपाशी बसल्यानं साखर एकदम उतरली होती, शेजारणींनी साखरपाणी पाजून म्हातारीला शुद्धीवर आणलं होतं. अंगावरचं लुगडं घामानं भिजलं होतं, हात गार पडले होते. डोळे उघडून तिनं पहिलं काय विचारलं तर, जेवलास का यप्पा? श्रीशैलला रडू आवरलं नाही. स्वतःची एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हंबीरराव माणसांचा लवाजमा घेऊन आले. एका बोर्डावर चाळीसभर चेहरे बसवायचे होते. सात वाजले, सव्वासात झाले. आपला चेहरा आणखी बोटभर वर घे, असं त्यांनी सांगितलं. मशीन विचारात पडली. श्रीशैलनं घड्याळाकडं बघितलं, तोवरचं काम जपून ठेवलं आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"भाऊ, माझी आई उपाशी बसलीया," तो म्हणाला. "बाकीचं उद्या."

हंबीरराव खुर्चीतून हलेनात. त्यांना बाहेर काढून त्यानं शटर ओढलं. सगळा धंदा बुडणार असं त्याला वाटत होतं. बुडालं काहीच नाही. श्रीशैलच्या आईची तब्येत बरी नाही म्हणून आपणच त्याला माणुसकीनं घरी पाठवलं, असं हंबीररावांनी दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं आणि तो बोर्ड करून घ्यायला दुपारीच येऊन बसले.

त्या संध्याकाळी मात्र शांतव्वा त्याला दारात बघून चपापली. अजून भाकरी तव्यावर होती.

"लवकर आलास? मशीन मोडली काय?"

"न्हाय अव्वा. बंद केली."

शांतव्वानं त्याचं ताट घेतलं. मग पाट सरकवत म्हणाली, "बंद बी हुतीया व्हय ती? मग जुनीच करायची की बंद, यप्पा."