फ्रिजवरची निळी पट्टी

मी अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला राहायला गेले तेव्हा काका-काकूंच्या फ्रिजवर आइस हॉकीच्या पंधरा टीम्सचे मॅग्नेट एकाखाली एक लावलेले होते, आणि वर्षभरात त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. लावायचं कारणच नव्हतं. खेळाडू आणि मालक यांच्या भांडणात आदला अख्खा सीझन झालाच नव्हता. काकू फ्रिजचं दार पुसताना मॅग्नेटच्या कडेकडेने फडकं फिरवायच्या, दारातली रांगोळी चुकवून पाऊल टाकावं तसं.

काका-काकू माझे नात्याचे कुणी नव्हते. आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतले. मला तिकडे नोकरी लागली, घर मिळेपर्यंत म्हणून मी त्यांच्या वरच्या खोलीत उतरले आणि तिथेच राहिले. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि ईमेलने कळवायच्या. ते मला बरं जमायचं. तोंडाने सांगायची वेळ आली की मात्र माझा आवाज कुठेतरी जायचा. इंग्रजी शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही, आणि घरी माझ्या मराठीला भाऊ हसायचा म्हणून तिथेही बेताचंच बोलले. त्या देशात भेटणारा प्रत्येक माणूस मला पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा, ‘तू इतकी गप्प का?’ काका-काकूंनी कधी विचारलं नाही. त्या घरात मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तासभर काही न बोलता बसू शकत होते, आणि मला तेवढंच हवं होतं.

काका हाडांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. तरुणपणी उत्तरेतल्या एका गारठलेल्या शहरात त्यांचं शिक्षण झालं. हिवाळाभर त्यांच्यासमोर हॉकीत मोडलेले हातपाय यायचे. पेशंटशी बोलायला काही विषय हवा म्हणून ते मॅच बघायला लागले आणि मग ते वेड सुटलं नाही. पुढे दोघं थंडीला कंटाळून जॉर्जियात आली. “काही वर्षांनी टीमपण आमच्या मागोमाग अटलांटाला आली,” असं काका सांगायचे, जणू तिला त्यांची आठवण यायची.

मॅग्नेटची पद्धत या घरचीच. पिझ्झावाल्यांच्या जाहिरातींसोबत येणारे मॅग्नेट कापून काकूंनी त्यावर टीम्सची चिन्हं चिकटवली होती. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दुपारी काका पूर्वेकडच्या पंधरा टीम्स आपल्या अंदाजाने लावायचे. आठव्या टीमखाली निळी चिकटपट्टी, कारण वरच्या आठच प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. मग घरातल्या आणि आलेल्या प्रत्येकाने एकच मॅग्नेट हलवायचा, वर किंवा खाली, आणि का हलवला ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्यानंतर एप्रिलपर्यंत दाराला हात नाही. ही पद्धत ऐकल्यावर मला खेळाची नाही, त्या ‘सगळ्यांसमोर’ची धास्ती वाटली.

त्या वर्षी जुलैमध्ये एक गोष्ट झाली. त्यांची मुलगी पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला राहते. तिला दुसरं बाळ होणार होतं, आणि तिच्या नव्या घरात तळमजल्यावर आईबाबांसाठी खोली होती. काकूंना जायचं होतं. एक तर नातवंडं, दुसरं काकांचा डावा गुडघा. ते जिना आडवे उतरायचे, कठड्यावर दोन्ही हात ठेवून. आयुष्यभर लोकांचे गुडघे बदललेला माणूस स्वतःच्या गुडघ्याचं नाव काढू देत नव्हता.

“तिथे टीम तरी आहे का?” काकांनी विचारलं.

“तीन तासांवर आहे. जावईबापूंनी चौकशी केलीय.”

“ती कॅनडात! म्हणजे मॅच बघायला पासपोर्ट घेऊन जायचं?”

“इथे काय मोठे दिवे लावतात तुमचे वीर? आजवर एकदा तरी गेलेत का त्या प्लेऑफला?”

ते खरं होतं. आमची टीम एकदाही पट्टीच्या वर गेली नव्हती. पण यंदा नवे चांगले खेळाडू आले होते, आणि काका चिडले होते. “यंदा गेली तर आपण इथेच. नाही गेली तर घर विकायला काढू. बस?”

त्यांना बहुतेक फक्त विषय संपवायचा होता. काकूंनी डाव आमटीत ठेवला. “ठरलं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवलं, “ही साक्षीला आहे.”

मी मान हलवली. मग वर माझ्या खोलीत जाऊन बराच वेळ खिडकीशी बसले. ते घर गेलं असतं तर मला दुसरी खोली मिळाली असती. तसं स्टूल मिळालं नसतं.

सप्टेंबरात टीमचा सराव सुरू झाला. जवळच्याच बर्फाच्या रिंकवर शनिवारी सकाळी कुणालाही जाऊन बघता यायचं. बाहेर रणरणतं ऊन, आणि काका हातात माकडटोपी, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन गाडीत बसायचे. दार उघडून आत गेलं की एकदम थंडी अंगावर यायची, आणि पहिल्या रांगेत माकडटोपीतले काका बघून बर्फ साफ करणारी माणसं हात हलवायची.

काकांचा अंदाज बांधायचा एक स्वतःचा प्रकार होता. “पेपरवाले गोल मोजतात,” ते मला म्हणाले, “मी सांधे बघतो.” कुणाची कंबर आखडलीय, कोण खांदा राखून खेळतोय, हे ते बसल्या जागेवरून सांगायचे. “पळताना सगळे लपवतात बरं का. पडल्यावर उठताना बघ. उठताना नाही लपत.”

म्हणून मी उठताना बघायला लागले. मला हे फार आवडलं. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं, आणि त्याला कुणी लाजाळूपणा म्हणायचं नाही. दुसऱ्या शनिवारी मी गोलकीपरकडे बघत होते. तो सारखा गुडघ्यांवर पडायचा आणि उठायचा, तेच त्याचं काम. आणि प्रत्येक वेळी तो उजव्या पायावर जोर देऊन उठत होता. डावीकडे पक, म्हणजे ती रबरी चकती आली की त्याला किंचित उशीर व्हायचा. किंचितच. मी पुन्हापुन्हा बघितलं. मग काकांकडे वळले, तर ते थर्मासचं झाकण उघडत होते.

तिसऱ्या शनिवारीही गोलकीपरचा सराव सुरू झाला आणि काकांना चहा हवासा वाटला. त्यांनाही दिसलं असेल का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

रविवार आला. काकूंनी बटाटेवडे करायला घेतले. आमच्याखेरीज एकच पाहुणा होता, नागपूरचा एक मुलगा. अटलांटात एमएस करत होता आणि वड्यांच्या वासावर कुठूनही यायचा. काकांनी वर्षभर अडकलेले मॅग्नेट काढले तेव्हा फ्रिजच्या दारावर पंधरा पांढरेशुभ्र चौकोन उमटले होते. त्यांनी एकेक करत सगळे लावले, चष्मा वरखाली करत. आमची टीम त्यांनी सहावी ठेवली आणि पट्टी नीट दाबून चिकटवली.

नागपूरच्या मुलाने उत्तरेकडची एक टीम तीन घरं खाली आणली. “काका, यांचा सगळा पैसा यार एकाच प्लेअरवर गेलाय. त्याला सर्दी झाली तरी टीम झोपेल.”

“मान्य. आता तुम्ही,” काका काकूंना म्हणाले, आणि जरा सावरून बसले.

आम्हाला वाटलं, त्या आता आमची टीम पट्टीच्या खाली ओढणार. काकूंनी पिठाचा हात पदराला पुसला, आमच्या टीमचा मॅग्नेट उचलला आणि सहाव्यावरून पाचव्या जागी लावला.

“वर?” काका म्हणाले. “कारण?”

“कारण काय त्यात. गेले तर बरंच आहे.” आणि त्या परत कढईकडे वळल्या. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

माझी पाळी होती. मी दुसरीच एखादी टीम हलवू शकले असते, कारणही तयार होतं. पण इतके शनिवार मला शेजारी बसवून त्यांनी बघायला शिकवलं होतं, आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करायला मला जमत नव्हतं. मी आमचा मॅग्नेट उचलला. तो हातातून निसटून खाली पडला. परत उचलला आणि पट्टीच्या खाली, नववा लावला.

“अगं!” नागपूरचा मुलगा म्हणाला. “घरातच फितुरी!”

“कारण?” काकांनी विचारलं.

“गोलकीपर,” मी म्हणाले. आवाज आला, ह्याचंच मला आश्चर्य वाटलं. “डाव्या पायावर उठत नाही. एकदाही नाही.”

कढईत वडे तडतडत होते. काका माझ्याकडे वळले.

“कधी दिसलं तुला?”

“दुसऱ्या शनिवारी.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला पहिल्या.”

काकूंनी गॅस बारीक केला. “आणि तुमचं काय हो? तुम्हीसुद्धा दोन वर्षं झाली, उजव्यावरच उठताय. मी काही हाडांची डॉक्टर नाही, पण दिसतं मला.”

“काका,” नागपूरचा मुलगा हळूच म्हणाला, “तुमचा मॅग्नेट कुठे लावू?”

आधी काकू हसल्या. मग काका हसायला लागले, इतके की त्यांना खोकला आला आणि काकूंना पाणी द्यावं लागलं. मीही हसले, पण भीतभीत. पहिला वडा काकांनी माझ्या ताटलीत ठेवला. “ही शिकली,” ते म्हणाले. “माझ्या हाताखालच्या पोरांना वर्षं लागायची.”

सीझन सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत तो गोलकीपर जायबंदी होऊन बसला. त्याच्या जागी एकामागून एक बदली येत राहिले. काकांनी एप्रिलची वाट बघितली नाही. दिवाळीत फराळाचं ताट पुढ्यात असताना त्यांनीच बेलव्ह्यूला फोन लावला आणि मुलीला म्हणाले, “तिकडे चांगला गुडघेवाला कोण आहे गं?” काकू चकलीचा तुकडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

गंमत म्हणजे जायचं ठरल्यावर काकूच टीमच्या मागे लागल्या. खोकी भरता भरता टीव्हीवर ओरडायच्या, “अरे, मार ना! बघतोयस काय मेल्या!” टीम शेवटपर्यंत झुंजली, पण पट्टीच्या वर जाणं थोडक्यात हुकलं. घर विकायला काढलेलं होतंच.

फ्रिज घराबरोबर गेला. मॅग्नेट काकूंनी एका स्टीलच्या डब्यात घालून मला दिले, पट्टीची गुंडाळीही. मी त्याच गावात एक छोटी जागा घेतली, आणि ओट्याशेजारी एक स्टूल.

पुढच्या ऑक्टोबरात रविवारी दुपारी फोन स्पीकरवर ठेवून मी काकांच्या सांगण्याप्रमाणे माझ्या फ्रिजवर पंधरा टीम्स लावल्या. आमची टीम त्यांनी अकरावी सांगितली.

“इतक्या खाली?”

“आता मी तटस्थ आहे,” काका म्हणाले.

काकूंनी कुठली तरी टीम एक घर वर करायला सांगितली, कारण न देता. माझ्या पाळीला मी आमची टीम पट्टीच्या वर नेली, चौथी.

“कारण?”

“मी तीन शनिवार जाऊन आले. यंदा गोलकीपर दोन्ही पायांवर उठतोय.”

त्या वर्षी आमची टीम पहिल्यांदा प्लेऑफला गेली. लगेच पहिल्याच फेरीत बाहेरही पडली, पण ते नंतर. ती गेली त्या दिवशी मी ऑफिसातून येऊन चपलाही न काढता फोन लावला. काकूंनी उचलला.

“कळलं गं, कळलं. पण यांना सांगू नकोस हं. उद्याच तिकडे घर शोधायला लागतील.”

“मला माहीत आहे!” मागून काकांचा आवाज आला. मग लाकडी जमिनीवरून फोनकडे येणारी त्यांची पावलं ऐकू आली, भराभर, आणि दोन्ही सारखी.