उजवी पाकळी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते माझं मलाही नीट ठाऊक नाही.

आमचे बाबा पॅरालिसिसच्या झटक्यानं गेले, काकाही तसेच. म्हणून म्हापशाच्या एका डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. दोष निघाला — रक्त लवकर गोठण्याचा, जन्माचाच, घराण्यातून आलेला. डॉक्टर म्हणाले, रोज गोळी घ्या, झटका बराचसा टाळता येतो. आणि भावाला सांगा, त्याचंही रक्त तपासू.

भाऊ म्हणजे वसंत. सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. माझ्या दोषाचं मी त्याला सांगितलंच नाही. डॉक्टर तुझं रक्त मागतात, एवढंच म्हटलं. त्याचं आपलं नेहमीचं — बाये, देवाला विचार, देव हो म्हणाला तर करतो. आमच्याकडे घर बांधायचं असो, मुलगी द्यायची असो, आधी देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

त्याला सुट्टी नव्हती, मी एकटीच देवळात गेले. भटजींनी गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. लगेच पडली हो, वाटसुद्धा पाहायला लावली नाही.

मग? माझ्या लेकीचं, सुमनचं, मांद्र्याला जुळत आलं होतं. आणि वसंताच्या पोटात काही राहत नाही — त्याचा दोष निघाला असता तर गावभर झालं असतं, यांच्या रक्तातच आहे म्हणून. सोयरीक मोडली असती. मोडली असती का? कोण जाणे. मी विचारून कुठे पाहिलं? घरी येऊन सांगितलं — डावी पडली.

त्यानं हात जोडले. विषय संपला.

सुमनचं लग्न झालं. तिलाही अजून काही सांगितलेलं नाही.

पुढच्या चवथीच्या तोंडावर वसंत ट्रकमधून उतरताना कोसळला. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळतं. शुक्रवारी बाजारातून मी उंडे पाव घेऊन जाते, चहात बुडवून त्याच्या डाव्या हातात देते. मला रडू येत नाही. यायला हवं, नाही?

तोच मला समजावतो, एकेक शब्द ओढत — देवानंच नको म्हटलं होतं, बाये, तू काय करणार.

मी मान हलवते. मग घरी येते, जेवते, गोळी घेते.